राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राची फारकत नेमकी कोणाच्या सोयीसाठी?

ॲडमिशनचे दिवस आहेत म्हणून आत्ताच लिहितोय. नंतर लिहून उपयोग नाही. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात बी.ए.ला असलेलं कोणी आहे त्यांनी तरी वाचा.

गेल्या पंधरा दिवसांत चार मुलांनी मला एकच तक्रार सांगितली. चौघांना बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे दोन्ही विषय नीट, बरोबरीने शिकायचे आहेत. कॉलेज म्हणतं, एक धरा. कारण काय? एकाला सांगितलं, वेळापत्रकात बसत नाही. दुसऱ्याला सांगितलं, समाजशास्त्राची जागा रिकामी आहे, तासिका तत्त्वावर कोणी आलं तर बघू. तिसऱ्याला फुकटचा सल्ला मिळाला की एमपीएससी करायची तर एकच विषय पक्का कर. चौथीला सांगितलेलं कारण तर फ्रेम करून लावावं असं आहे. "दोन्ही सारखंच तर आहे गं, दोन-दोन कशाला?"

सारखंच असतं तर दोन विभाग कशाला, दोन पाट्या कशाला, हे तिने विचारलं नाही. मी विचारतोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या मुंबई विद्यापीठात जुन्या पद्धतीत टीवायला सहा पेपर असायचे. एका विषयाचे सहाच्या सहा घ्या, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. थ्री-थ्री म्हणायचो आम्ही. मीही याच दोन विषयांचा थ्री-थ्रीवाला. त्यानंतर पत्रकारितेची पदविका केली आणि आज वीसेक वर्षं रायगड-रत्नागिरीच्या बातम्या करतोय. नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं आणि शब्द बदलले. आता मेजर, मायनर, क्रेडिट. भाषणात सगळीकडे 'बहुविद्याशाखीय' हा शब्द. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात दुहेरी मेजरचीही सोय आहे. दुसऱ्या विषयाचे किमान चाळीस टक्के क्रेडिट हवेत, म्हणजे तीन वर्षांच्या १२०पैकी ४८. कागदावर जुन्या थ्री-थ्रीपेक्षाही ऐसपैस व्यवस्था! पण तालुक्याच्या कॉलेजात मुलाच्या हातात काय येतं? आधीच ठरवलेल्या दोन-तीन जोड्या. त्यात ही जोडी नसेल तर विषय संपला. मायनर मिळालाच तर तो चवीपुरता, लोणच्यासारखा ताटाच्या कडेला.

आता कोणी म्हणेल, एवढं काय बिघडतं? कुठला तरी विषय घेऊन मुलं पास होतातच की.

बिघडतं. काय बिघडतं ते सांगायला मला पुस्तकात जायची गरज नाही, बातमीत गेलं तरी पुरे.

आमच्याकडे वाळीत टाकण्याची प्रकरणं अजून संपलेली नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वी रायगडातली अशी प्रकरणं एकामागोमाग बाहेर आली, राज्यभर गाजली, आणि शेवटी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६चा कायदा, राष्ट्रपतींची मंजुरी २०१७ला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य म्हणून आपण पाठ थोपटून घेतली, आणि घ्यावीच. पण मी जी प्रकरणं पाहिली त्यातल्या बऱ्याच प्रकरणांची सुरुवात कुठे झाली होती? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. गावकीने बैठक घेऊन उमेदवार ठरवला, बिनविरोध करायचं ठरलं, आणि कोणीतरी एकाने अर्ज भरला. किंवा भरलेला मागे घेतला नाही. झालं. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, शिमग्याला पालखी त्यांच्या दारात नेणार नाही. बोलेल त्याला दंड.

आता सांगा, हे राज्यशास्त्र की समाजशास्त्र?

निवडणूक लढवण्याचा अधिकार, पंचायत राज, ७३वी घटनादुरुस्ती, १९९३ पासूनची अंमलबजावणी हे सगळं राज्यशास्त्राच्या पेपरात येतं. मुलं पाठ करतात, पाच मार्कांची टीप लिहितात. गावकी म्हणजे काय, मानकरी कोण, पालखी आधी कोणाच्या अंगणात आणि का, एका वाडीत एकच जात कशी, बहिष्कारात लग्न आणि मयत हीच दोन हत्यारं का वापरतात, हे समाजशास्त्राकडे. ज्याने फक्त पहिलं वाचलंय त्याला बिनविरोध निवडणूक म्हणजे गावाचा एकोपा वाटतो. तो तशी बातमीही देतो, फोटोसकट, गुलाल लावलेल्या माणसांची. शासनसुद्धा बिनविरोधचं कौतुक करतं! ज्याने फक्त दुसरं वाचलंय त्याला गावकी म्हणजे परंपरा, संस्कृती, फार तर सामाजिक नियंत्रणाचं साधन. त्या दारात न आलेल्या पालखीने एका नागरिकाचा घटनादत्त हक्क खाल्ला, हे दिसायला दोन्ही डोळे लागतात.

आणि यात मुंबईचं मंडळ विसरू नका. कोकणातल्या गावाचा निम्मा निर्णय परळ-लालबागच्या खोलीत आणि आता नालासोपारा-दिव्याच्या चाळीत होतो. ग्रामपंचायतीत मतदान करायला चाकरमानी एसटी भरून येतात. गावात न राहणारा माणूस गावाचा सरपंच ठरवतो, वर्गणी न देणाऱ्याचं नाव कापतो. हे कुठल्या पेपरच्या कुठल्या युनिटमध्ये आहे? राज्यशास्त्राचे सर म्हणतील स्थलांतर आमच्याकडे नाही, समाजशास्त्राच्या मॅडम म्हणतील मतदान आमच्याकडे नाही.

बरं, ही फारकत नवी आहे का? अजिबात नाही. महाराष्ट्राचं हे सव्वाशे वर्षांहून जुनं भांडण आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक? टिळक आणि आगरकर याच प्रश्नावर वेगळे झाले. १८९५ला पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप द्यायचा नाही यावरून एवढं रण माजलं की परिषद दुसरीकडे घ्यावी लागली. एका मंडपात राजकारण आणि समाज बसू शकत नाहीत, असा तो निकाल. आज आपण तेच करतोय, फक्त मंडपाच्या जागी टाइमटेबल आलंय.

त्या भांडणाचं उत्तर काय निघालं ते बघायचं असेल तर आमच्या जिल्ह्यात महाडला या. ऑगस्ट १९२३ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, शाळा, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली. १९२४ला महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळं खुलं केलं. राज्यशास्त्राच्या वहीत इथे काम फत्ते. कायदेमंडळाने ठरवलं, स्थानिक स्वराज्य संस्थेने अंमल केला, पूर्णविराम. आणि तळ्यावर? १९२७च्या मार्चपर्यंत एकाही दलित माणसाला ते पाणी ओंजळीत घेता आलं नव्हतं. २० मार्चला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. तळं मडक्यांनी 'शुद्ध' करून घेतलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरात महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. कोर्टाचं भांडण हायकोर्टातून सुटायला १९३७ उजाडलं.

ठराव एका विषयात आणि तळं दुसऱ्या विषयात, असं शिकवता येईल का हे? चौदा वर्षांची ही एकच गोष्ट आहे. ती मधोमध कापली तर एका भागात नुसते ठराव उरतात आणि दुसऱ्या भागात नुसती मडकी.

बाबासाहेबांचंच बघा. १९१६ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावर जो निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच. २५ नोव्हेंबर १९४९च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी बजावलं ते याच फटीबद्दल होतं. राजकारणात आपण समान होणार, समाजात आणि पैशात विषमच राहणार, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीची इमारत धोक्यात. ज्या माणसाच्या नावाची गाणी आपण १४ एप्रिलला कॉलेजच्या आवारात वाजवतो, त्याचा मुख्य मुद्दा शिकायला लागणारी विषयांची जोडी त्याच आवारात मिळत नाही. वा!

राजकीय बातमीदारांना एक विचारतो. 'व्होट बँक' हा शब्द आपण रोज वापरतो ना? तो आला कुठून? एम. एन. श्रीनिवास या समाजशास्त्रज्ञाच्या लिखाणातून, म्हैसूरकडच्या एका खेड्याच्या अभ्यासातून. मुंबई विद्यापीठात घुर्ये सरांच्या हाताखाली शिकलेला माणूस. 'प्रभुत्वशाली जात' हीसुद्धा त्यांचीच देणगी. उलट बाजूने, जात आणि राजकारण यांची सांगड घालणारं पुस्तक १९७०ला संपादित केलं ते रजनी कोठारींनी, आणि ते राज्यशास्त्राचे. म्हणजे ज्यांनी हे विषय उभे केले ते कुंपण ओलांडून जात होते आणि आपण मात्र विद्यार्थ्याला कुंपणापाशी थांबवून विचारतो, तुझा मेजर काय?

एकच ताजं उदाहरण घेतो आणि पुढे जातो, कारण या विषयावर कमेंटमध्ये काय होतं ते मला माहीत आहे. जानेवारी २०२४ला राज्य सरकारने 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या करणारा अधिसूचनेचा मसुदा काढला. त्या एका शब्दावर राज्याचं राजकारण कितीतरी महिने हललं. व्याख्येची मदार कशावर होती? वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिढ्यांत जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांतून तयार झालेल्या नात्यांवर. म्हणजे आरक्षणाचा प्रश्न सरळ सोयरिकीत घुसला. इरावतीबाई कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवर १९५३ला अख्खा ग्रंथ लिहून ठेवलाय. पण आम्हा पत्रकारांपैकी बहुतेकांनी त्या आठवड्यात काय छापलं? कोण जिंकलं, कोण हरलं, कोणी कोणाला गुलाल लावला. मसुदा टिकेल का, न टिकल्यास का, आईकडची नाती त्यात कुठे बसतात, हे विचारायला राज्यघटनाही यावी लागते आणि नातीही कळावी लागतात. तुम्ही मागणीच्या बाजूचे असा की विरोधातले, वाद घालायला तरी दोन्ही लागतंच. पदविकेत आम्हाला सहा ककार शिकवले होते. कोण, काय, कधी, कुठे यांना नोकरीत भाव आहे. 'का' आणि 'कसं' यांना वेळ नाही, आणि शिकलेला माणूसही नाही.

आता विरोधातलं जे खरं आहे ते बोलू. माझे एक ज्येष्ठ प्राध्यापक मित्र म्हणतात, तीन-तीन घेतलं की धड एकही विषय खोल होत नाही. एम.ए.ला गेल्यावर मुलाला राजकीय विचारवंत अर्धे माहीत असतात आणि समाजशास्त्रीय सिद्धांतही अर्धा. यात तथ्य आहे. थ्री-थ्रीवाल्याचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा नाहीतर लोकप्रशासनाचा पेपर सुटतो, ते नुकसान आहेच. ज्याला ठरवून राज्यशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करायची आहे त्याने खुशाल सगळे पेपर एकाच विषयाचे घ्यावेत, मी अडवणार नाही. पण सर, तुमच्या वर्गातल्या चाळीस मुलांतली किती एम.ए.ला जातात? बाकीची कुठे जातात ते मी सांगतो, कारण ती मला भेटतात. कोणी ग्रामपंचायतीत ऑपरेटर, कोणी पतसंस्थेत, कोणी पोलीस भरतीला, कोणी आशाताई, कोणी आमच्यासारखं वार्ताहर, कोणी चक्क सदस्य आणि सरपंच. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली मुलगी दहा वर्षांनी सरपंचाच्या खुर्चीत बसू शकते, आणि शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बसलेला असेल. तिला सरपंचाचे अधिकारही माहीत असायला हवेत आणि तो नवरा तिथे बसतो कसा हेही कळायला हवं. खोली तिला दोन्हीकडे थोडीथोडी लागणार आहे.

एमपीएससीवाल्या सल्ल्याबद्दल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय एकच, हे बरोबर. पण सामान्य अध्ययनाचे पेपर यूपीएससीच्या वळणावर गेलेत आणि तिथे भारतीय समाजही आहे आणि राज्यव्यवस्थाही. म्हणजे एक विषय वैकल्पिक म्हणून कामाला येतो, दुसरा सामान्य अध्ययनात. तेव्हा हा सल्ला त्याच्याच हिशोबात तोट्याचा आहे. आणि खरं बोलायचं तर अडीच-तीन लाख मुलांपैकी काहीशे जणांना मिळणाऱ्या पोस्टसाठी सगळ्यांचा अभ्यासक्रम कापायचा, हाच मुळात उफराटा न्याय.

मग खरं कारण काय? ते कोणी लेखी देत नाही, पण चहाच्या टपरीवर सगळे प्राध्यापक सांगतात. वर्कलोड. अनुदानित कॉलेजात जागा टिकते ती आठवड्याच्या तासांवर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास दाखवावे लागतात. मुलांनी एकाच विषयाचे सगळे पेपर घेतले तर त्या विभागाचे तास भरतात. मुलं दोन विभागांत वाटली गेली तर दोघांचेही हिशोब हलतात. म्हणून दोन्ही विभाग त्याच चाळीस मुलांसाठी एकमेकांच्या अंगावर. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर एखाद्या नेट-सेट झालेल्या पोराला राबवायचं, शिकवले तेवढ्याच तासांचे पैसे द्यायचे आणि तेही कधी मिळतील याचा भरवसा नाही. अशा अवस्थेत तो कुठला दुसऱ्या विभागाशी बसून जोडी जुळवणार? मी प्राध्यापकांना दोष देत नाहीये. पोटावर पाय आला की कोणीही आपलं कुंपण घट्ट करतो. दोष आहे तो भरती रोखून धरणाऱ्या सरकारचा, आणि 'बहुविद्याशाखीय' या शब्दाचे बॅनर लावून जोड्या मात्र ऑफिसच्या सोयीने ठरवणाऱ्या संस्थाचालकांचा. त्यातले बरेच जण निवडणूकही लढवतात, म्हणजे गावकी आणि मतदान यांचं नातं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मुलांना कळू नये असं त्यांना वाटतं असा आरोप मी करणार नाही. पण कळावं म्हणून त्यांनी काही केल्याचंही माझ्या पाहण्यात नाही.

पैसे न लागणारी एक गोष्ट तर उद्यापासून होऊ शकते. नव्या धोरणात फील्ड प्रोजेक्ट आहे, कम्युनिटी एंगेजमेंट आहे. सध्या त्यात काय चालतं? रोपं लावतानाचे फोटो, वृद्धाश्रमाची भेट, नेटवरून उतरवलेली वही. त्याऐवजी दोन्ही विभागांनी मिळून मुलांना एक ग्रामपंचायत द्या. मागच्या तीन निवडणुकांचे निकाल वाडीवार मांडा. सरपंच थेट जनतेतून निवडायचा हे २०१७ला आलं, २०२०ला गेलं, २०२२ला परत आलं, त्याने गावात काय फरक पडला ते विचारा. महिला ग्रामसभा खरंच भरते की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात ते बघा. पाणी योजनेचा नळ कुठल्या वाडीपर्यंत येऊन थांबतो त्याचा नकाशा काढा. मुलांना सर्वेक्षण कसं करायचं हे समाजशास्त्राच्या संशोधन पद्धतीत शिकवतातच, राज्यशास्त्रवाल्यांकडे प्रश्न आहेत. एका सत्राचं काम. आमच्या पेपरला असा एक जरी अहवाल आला तरी मी तो पहिल्या पानासाठी भांडून लावीन, शब्द देतो.

आता ज्या मुलांना हीच जोडी हवी आहे आणि कॉलेज नाही म्हणतंय त्यांच्यासाठी. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, मला अमुक मेजरबरोबर अमुक विषय मायनर किंवा दुसरा मेजर म्हणून हवा आहे. दोन प्रती काढा, एकीवर कॉलेजच्या आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. नकार द्यायचा असेल तर कारणासह लेखी द्या असं त्याच अर्जात लिहा. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. एकट्याने जाऊ नका, चार-पाच जण मिळून जा आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा द्या. विषय बदलायची मुदत संपायच्या आत हे व्हायला हवं, म्हणून या आठवड्यातच.

लेखी नकार हातात आला की मला इनबॉक्स करा. तुमचं नाव न घालता मी ते सगळे नकार एकत्र लावून विद्यापीठात घेऊन जाणार आहे.